कृमिदन्त आणि लाल किरण

सुश्रुताचार्यांनीं ‘कृमिदन्तक’ रोगाचीं लक्षणें सांगितलीं आहेत: दांत काळा पडतो, त्यास छिद्र होतें, तो हलूं लागतो. पण तोंवर रोगानें घर केलेलें असतें. मुंबईंत १९३३ सालीं नायर दंत महाविद्यालय निघालें, तरी ठणका लागल्यावांचून दंतवैद्याकडे न जाण्याची आमची रीत सुटली नाहीं. आमच्या तीन दाढा त्याच आळसानें गेल्या.

म्हणून नातीच्या दाढेच्या खांचेंत तपकिरी रेघ दिसतांच बोरीवलींतील दंतवैद्यांकडे तिला नेलें. त्यांनीं लेखणीसारखी लेसर-नळी दाढेवर टेकविली. १९९८ च्या सुमारास प्रचारांत आलेल्या या यंत्रांतून ६५५ नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश निघतो. किडींतील जंतुजन्य द्रव्यें त्यानें प्रतिदीप्त होतात, आणि ती दीप्ति ० ते ९९ अंकांत मोजली जाते. ना टोंचणी, ना वेदना!

मात्र यंत्र म्हणजे वैद्य नव्हे. डाग व कीटण यांनींहि अंक वाढतो. म्हणून दांत आधीं स्वच्छ करून, डोळ्यांनीं व जरूर तर क्ष-किरणांनीं ताळा पाहावा लागतो. नातीचा अंक १६ आला. कीड वरच्या कवचांतच होती. फ्लोराइडचा लेप व रात्रीं दांत घासण्याची शिस्त एवढ्यावर भागलें.

वाचकहो, आमच्या दाढा परत येणार नाहींत; नातवंडांच्या मात्र वांचवितां येतील.