दोघांचा तंबू: वजन, कापड आणि रात्रीचे दंव

दोन माणसांनी पाठीवर वाहून न्यायचा तंबू आज एक ते दोन किलोंत मिळतो. अर्ध्या किलोचे तंबूही आहेत आणि तीन किलोंचेही. पण दहा-बारा किलोंची सॅक घेऊन दिवसभर चढायचे असेल, तर तंबूने दोन किलोंची रेघ ओलांडू नये. त्यात चार गोष्टी येतात: आतला जाळीचा किंवा पातळ कापडाचा इनर, त्यावर ताणायचे पाऊस अडवणारे फ्लाय, पोल आणि खुंट्या. हे सामान दोघांत वाटून घेतात. एकाकडे कापड, दुसऱ्याकडे पोल, खुंट्या आणि स्टोव्ह. विकत घेताना वजनाचा आकडा नीट वाचावा, कारण कंपन्या दोन आकडे छापतात. एक फक्त इनर, फ्लाय आणि पोल यांचा. दुसरा खुंट्या, दोऱ्या आणि पिशव्या धरून सगळ्याचा. दोन्हींत दोन-तीनशे ग्रॅमचा फरक सहज पडतो आणि डोंगरात वाहावा लागतो तो दुसरा आकडा. ग्राउंडशीट बहुधा दोन्हींत धरलेली नसते.

इतिहास थोडक्यात असा. १८६० च्या दशकात एडवर्ड व्हिंपरने आल्प्ससाठी लाकडी दांड्यांचा जो तंबू बनवला, तो दहा किलोंच्या घरातला होता. पुढे नायलॉन आले, अॅल्युमिनियमचे लवचिक पोल आले. १९७५ साली ‘द नॉर्थ फेस’ने बकमिन्स्टर फुलरच्या जिओडेसिक रचनेवर बेतलेला ‘ओव्हल इन्टेन्शन’ हा घुमटाकार तंबू काढला आणि तंबूचा आकारच पालटला. १९९० च्या दशकात रे जार्डिन या अमेरिकन गिर्यारोहकाने हलक्या सॅकचा हिरिरीने पुरस्कार केला, तेव्हापासून ग्रॅम मोजण्याची सवय लागली. सह्याद्रीत तंबू त्या मानाने उशिरा आला. हरिश्चंद्रगडाची लेणी, रतनगडाची गुहा, गडावरचे देऊळ किंवा पायथ्याच्या गावातल्या एखाद्या घराची पडवी एवढ्यावर ट्रेकर्सच्या कित्येक पिढ्यांचे भागले.

‘टू पर्सन’ या छापील शब्दांवर फार विसंबू नये. नेहमीच्या स्लीपिंग मॅटची रुंदी ५१ सेंटिमीटर असते, रुंद मॅटची ६४. म्हणजे दोन साध्या मॅटना १०२ सेंटिमीटर पुरतात, पण दोन रुंद मॅटना १२८ लागतात. पुष्कळ हलके तंबू डोक्याकडे १३० आणि पायाकडे ११० च्या आसपास असे निमुळते शिवलेले असतात, तिथे दोन रुंद मॅट पायाशी एकमेकींवर चढतात. लांबी पाहताना जमिनीची लांबी पाहून भागत नाही. भिंत कलती असते, म्हणून पाठीवर झोपलेल्या माणसाच्या नाकाच्या आणि पावलांच्या उंचीवर किती जागा उरते ते पाहावे. उंच माणसाची स्लीपिंग बॅग पायाशी भिंतीला टेकते आणि सकाळी तिथेच भिजलेली सापडते. दारे दोन असावीत. एका दाराने शंभर-दीडशे ग्रॅम वाचतात, पण मध्यरात्री बाहेर जाणाऱ्याला सोबत्याच्या अंगावरून रांगत जावे लागते. दोघांच्या तंबूत दुसऱ्या दाराइतके सार्थकी लागलेले वजन दुसरे नाही.

रचनेचे मुख्य प्रकार तीन: पोलवर आपोआप उभा राहणारा घुमट, दोन्ही टोकांना खुंट्यांनी ताणायचा बोगद्यासारखा लांबट तंबू, आणि ट्रेकिंग पोलवर उभा करायचा तंबू. यांतला कोणता घ्यायचा हे बरेचसे जमिनीवर ठरते, आणि सह्याद्रीची जमीन खुंटीला दाद देत नाही. कड्याच्या माथ्यावर बेसॉल्टचा कातळ, त्यावर चार बोटे माती. कोकणातल्या आणि महाबळेश्वरच्या बाजूच्या सड्यांवर जांभा. दगडाने ठोकली तर खुंटी वाकते, आत जात नाही. अशा ठिकाणी स्वतःच्या पोलवर उभा राहणारा घुमट मोलाचा, पण तोही वाऱ्यात बांधावा लागतोच. त्याची रीत अशी: दोरीच्या टोकाला फास करून त्यात वीतभर काटकी अडकवायची, काटकी मुठीएवढ्या दगडामागे आडवी ठेवायची आणि त्या दगडापुढे दोरीवर दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा मोठा धोंडा बसवायचा. दोरी धोंड्याखालून जाते. वाऱ्याने ओढले की लहान दगड मोठ्यात रुततो आणि गाठ आणखी घट्ट होते. दोरी थेट दगडाला गुंडाळली तर कातळावर घासून पहाटेपर्यंत तुटते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या काठावर दरीतून वर चढणाऱ्या वाऱ्यात घुमट पतंगासारखा उचलला जाऊ शकतो, म्हणून काठापासून चांगले मागे सरकणे हाच पहिला नियम.

ट्रेकिंग पोलवरचा तंबू सर्वांत हलका, कारण काठ्या नाहीतरी हातात असतातच. कॅनडाच्या डॅन डर्स्टनने आखलेला दोघांचा ‘एक्स-मिड’ किलोभराच्या आसपास आहे. ही कल्पना नवी वाटते, पण तिचे वय सव्वाशे वर्षांहून जास्त आहे. आल्बर्ट ममरी या इंग्रज गिर्यारोहकाने रेशमाचा एक बुटका तंबू बनवून घेतला. त्याला वेगळे दांडे नव्हतेच, बर्फावर चढताना वापरायच्या दोन कुऱ्हाडींवर (आइस अॅक्सवर) तो उभा राहायचा आणि त्याचे वजन दोन किलोंच्या आत होते. नायलॉन नाही, अॅल्युमिनियमचे पोल नाहीत, तरीही व्हिंपरच्या तंबूच्या पाचव्या हिश्श्याएवढेच ओझे! माणसाजवळ जे आहे त्यालाच खांब करायचे, हे ममरीला त्या काळी सुचले. १८९५ च्या ऑगस्टमध्ये नंगा पर्बतावर दोन गुरखा साथीदारांसह तो बेपत्ता झाला, पण त्याच्या नावाचा तंबू पुढेही हिमालयाच्या मोहिमांत वापरात राहिला. हलक्या तंबूच्या इतिहासात ममरीइतका मान दुसऱ्या कोणाला मिळू नये.

कापडाची जाडी डेनियरमध्ये सांगतात. ९,००० मीटर धाग्याचे ग्रॅममधले वजन म्हणजे त्याचे डेनियर. हलक्या तंबूंत १० ते ३० डेनियरचे कापड असते. कापड किती मिलिमीटर पाण्याचा उभा स्तंभ पेलते यावर त्याची जलरोधकता ठरते. फ्लायला दीड हजारांच्या पुढचा आकडा बस्स होतो. जमिनीच्या कापडाला जास्त हवा, कारण गुडघा टेकला की तिथे पावसापेक्षा कितीतरी अधिक दाब पडतो. नायलॉन चिवट असते, पण पाणी पिते आणि ओले झाले की सैलावते. संध्याकाळी ताठ ताणलेले फ्लाय रात्री दहाला लोंबते आणि इनरला चिकटते. पॉलिएस्टर ओले झाले तरी फारसे ताणत नाही आणि उन्हातही जास्त टिकते. म्हणून दमट हवेत पॉलिएस्टर उजवे. तिसरे कापड डायनीमा. ते मुळात शर्यतीच्या नौकांच्या शिडांसाठी निघाले. १९९२ च्या ‘अमेरिकाज कप’ शर्यतीतल्या नौकेवर नावाजले गेले आणि तिथून तंबूत आले. ते पाणी पीत नाही, सैलावत नाही, आणि त्याचा दोघांचा तंबू साडेपाचशे ग्रॅमच्या आसपास भरतो. किंमत मात्र पोटात गोळा आणणारी असते.

आता खरा प्रश्न, तंबूतल्या पाण्याचा. हलका तंबू घेतलेल्यांची नेहमीची तक्रार असते, ‘टेंट गळतो.’ डिसेंबरमध्ये, आभाळात ढगाचा ठिपका नसताना गळतो! तो गळत नसतो. एक माणूस रात्रभरात श्वासातून आणि त्वचेतून पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर टाकतो. दोघांचे अर्धा लिटर झाले. एक घनमीटर हवा १५ अंशांना जास्तीत जास्त १३ ग्रॅम वाफ धरते, ५ अंशांना जेमतेम ७. दोघांच्या तंबूत दोन घनमीटर हवा धरली, तर ती सगळी मिळून पंचवीस ग्रॅमच वाफ सांभाळू शकते. पाचशे ग्रॅमपैकी बाकीची वाफ एकतर बाहेर पडली पाहिजे, नाहीतर फ्लायच्या आतल्या अंगाला थेंब होऊन बसली पाहिजे. तिसरी वाट नाही. कापड कितीही महाग असले तरी हा हिशेब बदलत नाही, म्हणूनच ‘आत दव धरत नाही’ अशी जाहिरात वाचून पैसे मोजू नयेत.

त्यात निरभ्र आकाश भर घालते. रात्री फ्लाय आपली उष्णता वर आकाशाकडे सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षाही काही अंशांनी थंड होते. मग आतली वाफच काय, बाहेरच्या हवेतली वाफही त्यावर जमते. पहाटे चारला टॉर्च लावून पाहिले तर फ्लायच्या आतल्या बाजूला मोहरीच्या दाण्याएवढे थेंब एकसारखे पसरलेले दिसतात. बोट लागले की चार थेंब एकत्र होऊन ओघळ खाली धावतो आणि थेट मॅटच्या कडेला येऊन थांबतो. गळती आणि दंव यांतला फरक इथेच ओळखावा. थेंब सगळीकडे सारखे असतील तर ते दंव. शिवणीच्या रेघेवरच ओल असेल किंवा एका कोपऱ्यात पाणी साचले असेल, तर गळती.

उपाय मुख्यतः हवेचा. गरम, ओली हवा वर चढते. तिला बाहेर जायला वरती खिडकी हवी आणि नवी हवा यायला खाली फट हवी. नुसती वरची खिडकी असून उपयोग नाही. म्हणून दुकानात तंबू लावून पाहताना फ्लायची कड जमिनीपासून किती वर थांबते आणि वरचा झरोका पाऊस चालू असतानाही उघडा ठेवता येतो का, या दोन गोष्टी आधी तपासाव्यात. पाऊस नसेल तर निदान एका बाजूचे दार गुंडाळूनच झोपावे. थंडी वाजते म्हणून सगळे बंद केले की पहाटे ओल्या स्लीपिंग बॅगेत दुप्पट थंडी वाजते. ओले मोजे आणि भिजलेला रेनकोट आत वाळत घालू नये. बंद तंबूत स्टोव्ह तर कधीच पेटवू नये. वाफ होते ती वेगळी, त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वासावरून कळत नाही आणि जीव घेतो.

इनर असलेला दुहेरी तंबू दंव थांबवत नाही, पण थेंब आणि माणूस यांच्यात एक जाळी उभी करतो. एकेरी भिंतीचा तंबू तीन-चारशे ग्रॅम वाचवतो. कोरड्या प्रदेशात तो चालतो, पण घाटमाथ्यावरच्या हिवाळी रात्रींसाठी दुहेरीच घ्यावा. सह्याद्रीत इनर जाळीचा असावा, कारण हवा खेळती राहते आणि डास-विंचू बाहेर राहतात. हिमालयात चार हजार मीटरच्या आसपास वारा जाळीतून सरळ अंगावर येतो, तिथे इनरचा खालचा भाग तरी कापडाचा हवा. तिथे फ्लायच्या आत थेंबांऐवजी हिमकण जमतात. उठल्याबरोबर ते झटकून बाहेर काढावेत. ऊन पडेपर्यंत थांबले तर त्यांचे पाणी होते.

तंबूइतकेच काम जागा करते. थंड हवा रात्री उतारावरून खाली वाहते आणि खोलगट जागी साचते, म्हणून दरीच्या तळापेक्षा वीस-तीस मीटर वरचा टप्पा उबदार आणि कोरडा असतो. पवना आणि भंडारदरा जलाशयांच्या काठावर सूर्योदयासाठी तंबूंच्या रांगा लागतात. दंवासाठी त्याहून वाईट जागा शोधून सापडणार नाही. पाण्यापासून थोडे वर, वाऱ्याच्या झुळकीत तंबू लावला की फरक त्याच रात्री कळतो. झाडाखाली त्याहून बरे. एखादा डेरेदार हिरडा आकाश झाकतो, फ्लायची उष्णता टिकते आणि शेजारच्या उघड्या मैदानातले तंबू चिंब असताना त्याखालचा तंबू कोरडा निघतो. वर सुकलेली फांदी नाही एवढे पाहून घ्यावे. मुक्कामाची परवानगी आधी विचारावी, सगळ्याच गडांवर आणि अभयारण्यांत ती मिळते असे नाही. उत्तराखंडात तिथल्या उच्च न्यायालयाने २०१८ साली बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ कुरणांवर, रात्री राहायला मनाई केली.

पोल अॅल्युमिनियमचेच घ्यावेत. फायबरग्लासचे पोल स्वस्त, पण जड असतात आणि तुटताना उभे चिरतात. त्या चिरीची टोके फ्लाय फाडतात. दुरुस्तीसाठी पोलवर सरकवायची बोटभर लांबीची नळी जवळ ठेवावी. पोल घडी करताना मधल्या सांध्यापासून सुरुवात करावी, म्हणजे आतल्या इलॅस्टिकवर सगळीकडे सारखा ताण येतो.

मुंबई-कोकणच्या हवेत तंबू डोंगरापेक्षा घरातच लवकर मरतो. बऱ्याच कापडांवर आतून पॉलियुरेथेनचा थर असतो. दमट जागी तो थर हळूहळू विघटित होतो, चिकट होतो आणि त्याला आंबूस वास सुटतो. पावसाळाभर माळ्यावर पडलेला तंबू दिवाळीत उघडावा तर घड्या एकमेकींना चिकटलेल्या. असा थर पुन्हा नीट होत नाही. दोन्ही अंगांना सिलिकॉन लावलेल्या कापडाला हा रोग नाही, पण सिलिकॉनवर टेप धरत नाही, त्यामुळे त्याच्या शिवणी सिलिकॉनचा सीलर ब्रशने लावून बंद कराव्या लागतात. तंबू कुठलाही असो, घरी आल्यावर सावलीत, पंख्याखाली, शिवणी आणि कोपरे हाताला कोरडे लागेपर्यंत वाळवावा आणि त्याच्या घट्ट पिशवीऐवजी सुती पिशवीत सैल भरून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवावा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा बाहेर काढून हवा द्यावी.