बरणीला कान लावून

दिवाळीनंतर इंग्लंडमधल्या लेस्टरहून भाच्याचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर तो हळूच म्हणाला, "मामा, मी घरी वाइन करायला लागलोय. जिन्याखालच्या कपाटात पाच लिटरची काचेची बरणी ठेवलीय. तुम्ही तर द्राक्षांच्या गावात राहता. तुम्ही का नाही करत?"

सांगलीत आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न साधा वाटायला हवा होता. मला तो वाटला नाही. "सांगतो कधीतरी," म्हणून मी फोन ठेवला.

आमचे मूळ घर वाईचे. आजोबा वैद्य होते. माघ-फाल्गुनात साताऱ्याच्या डोंगरउतारांवर धायटी फुलते. लालभडक, नळीसारखी बारीक फुले. ती वेचायला आम्ही पोरे पिशव्या घेऊन जात असू. फुले सावलीत वाळली की आजोबा द्राक्षारिष्टाची तयारी करीत. तासगावचा बेदाणा ही फार पुढची गोष्ट; त्या काळी मनुका किराणा दुकानातून येत. त्यांचा काढा करायचा, निवल्यावर त्यात गूळ विरघळवायचा, मग दालचिनी, वेलदोडे, तमालपत्र, नागकेशर, मिरी, पिंपळी, वावडिंग. या औषधाचा पाठ शार्ङ्गधर संहितेत आहे. काढा करून घातले की अरिष्ट, न उकळता घातले की आसव, हा फरकही आजोबांनीच सांगितलेला. शेवटी धायटीची फुले घालून चिनीमातीची बरणी कापडमातीने लिंपायची आणि भाताच्या कणगीत पुरून ठेवायची. धान्याच्या राशीत ऊब दिवसरात्र सारखी राहते.

चार-सहा दिवसांनी आजोबा मला हाक मारीत. "ये, कान लाव." बरणीला कान लावला की आतून बारीक सळसळ ऐकू येई, लांबून पाऊस ऐकू यावा तशी. महिन्याभराने सळसळ थांबली की ते तोंड उघडून पेटती काडी आत धरीत. काडी फट्‌कन विझली तर अजून थांबायचे. जळत राहिली तर औषध तयार.

त्या काडीचा अर्थ मला कॉलेजात कळला. लुई पाश्चरने १८५० नंतरच्या दशकात दाखवून दिले, की आंबणे ही सजीवांची करामत आहे. यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव साखर खातात. तिच्यातून वजनाने जवळजवळ निम्मा मद्यार्क होतो, उरलेल्यातला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. काडी विझवतो तो हाच वायू. गोड द्राक्षात २० टक्क्यांच्या आसपास साखर असते, तिच्यातून साधारण ११ टक्के मद्यार्क निघतो. धायटीच्या फुलांबरोबर यीस्टही बरणीत जाते. घरात द्राक्षासवाची बाटली असेल तर लेबल वाचून पाहा. स्वयंजात मद्यार्काचा आकडा त्यावर छापलेला असतो. म्हणजे ज्याला भाचा छंद म्हणतो, तेच आजोबांच्या कणगीत चालले होते. फरक मात्रेचा. आजोबांचे औषध दोन चमचे, तेवढेच पाणी घालून, जेवणानंतर.

ही मात्रा आमच्याच घरात मोडली.

वडिलांचे धाकटे भाऊ, आमचे काका, हुशार, गोड गळ्याचे. १९६३ च्या सुमारास, मी आठवीत असताना, आजोबांनी एके सकाळी कणगीतून बरणी काढली तर ती हलकी लागली. लिंपण नव्याने केलेले होते. आजोबा काही बोलले नाहीत. आजी मात्र चुलीपुढे बसून राहिली, त्या दिवशी स्वयंपाक उशिरा झाला. काका पुढे ओढ्याकाठच्या हातभट्टीवर जाऊ लागले आणि चाळिशीच्या आत गेले. काकूंनी शिवणयंत्रावर दोन मुली वाढवल्या. बरणी माळ्यावर गेली ती गेलीच. आजोबांनी त्यानंतर घरात एकही आसव घातले नाही. रोग्यांना ते पुण्याहून आणलेली बाटली देत.

काका बरणीमुळे बिघडले का? शिक्षक म्हणून मी म्हणेन, नाही. हातभट्टी ही वेगळीच वस्तू आहे. तिथे आंबवलेला रस उकळून त्याची वाफ धरतात आणि तो धंदा चोरून चालतो, म्हणून काय मिसळले याला जाब नाही. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसे मेली ती मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. पण पुतण्या म्हणून मला एवढे ठाम बोलता येत नाही. पहिला घोट त्यांना घरातच मिळाला होता.

भाच्याला द्यायचे एक सोपे उत्तर होते, ते कायद्याचे. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. परवान्याशिवाय दारू गाळणेच नव्हे, वाइन आंबवणे हाही गुन्हा. स्वतःपुरती केली म्हणून सूट नाही. प्यायलासुद्धा परवाना लागतो. इंग्लंडमध्येही घरी बीअर करायला एकेकाळी परवाना लागे. तो १९६३ मध्ये रद्द झाला, म्हणजे आमची बरणी माळ्यावर गेली त्याच सुमारास. विकायची मात्र नाही आणि भट्टी लावायची नाही, ही बंधने तिथेही आहेत. अमेरिकेत घरच्या बीअरला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर जिमी कार्टर यांनी १९७८ मध्ये सही केली. त्याआधी, १९२० ते १९३३ च्या दारूबंदीत, तिथले द्राक्षवाले सुकवलेल्या द्राक्षरसाच्या विटा विकत आणि सोबत इशारा देत, की ही पाण्यात विरघळवून कपाटात ठेवू नका, नाहीतर वाइन होईल! गिऱ्हाइकाला काय करायचे ते बरोबर कळे.

आपल्या शेतकऱ्यालाही हा मोह पडलेला आहे. तासगावजवळच्या बोरगावचे वसंतराव आर्वे यांनी थॉम्सन सीडलेसमधून 'तास-ए-गणेश' हे वाण निवडले आणि सांगलीचे द्राक्ष देशभर पोचले. पण काढणीच्या तोंडावर एक अवकाळी पाऊस पडला की मणी तडकतात आणि वर्षाचे कर्ज वेलीवरच सडते. २००१ मध्ये राज्याने द्राक्षप्रक्रिया धोरण आणले, पलूसला वाइन पार्क उभे राहिले. नाशिकसारखा बहर मात्र इकडे आला नाही. खायचे द्राक्ष पातळ सालीचे आणि गोड. वाइनला लागते ते बारीक, बियांचे, जाड सालीचे. सांगलीला तारले ते बेदाण्याने. चार किलो द्राक्षे जाळीवर पंधरा दिवस सुकली की एक किलो बेदाणा होतो, आणि तो भावासाठी वाट बघू शकतो. २०१६ मध्ये सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळाले.

हे सगळे मी भाच्याला सांगितले, काकांसकट. त्याच्या आईने त्याला काकांचे कधी सांगितलेच नव्हते. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग मी बंद करू का?"

मी म्हटले, "नको. तुझ्या देशात तो गुन्हा नाही. पण बरणी जिन्याखाली ठेवू नकोस. घरातल्या सगळ्यांना दिसेल अशी ठेव, आणि किती उरली ते सुनेला माहीत असू दे."

मग त्याला दोन किलो बेदाणा पाठवला. आठवड्याने त्याची तक्रार आली, बरणीत हालचालच नाही. चूक माझी, सांगायला विसरलो होतो. पिवळा रंग टिकावा म्हणून बेदाण्याला गंधकाची धुरी देतात, आणि सुकवण्याआधी द्राक्षे तेलाच्या द्रावणात बुडवतात. गंधक यीस्टला जगू देत नाही. उरलेला बेदाणा गरम पाण्याने दोनदा धुऊन घे, म्हटले.

परवा रात्री पुन्हा फोन. मागे त्याच्या मुलीचा आवाज ऐकू येत होता. बरणी आता स्वयंपाकघरात ओट्यावर आहे. "मामा, काडी विझली!" तो ओरडला.

"मग थांब अजून," मी म्हटले. "आणि पोरीला जवळ घे. तिला कान लावायला सांग."