रिपोर्ट खिशात, ओझं मनावर?

समजा, तुमची बीएस्सी केमिस्ट्री झाली आहे. महाड एमआयडीसीतल्या एका कंपनीत नोकरी जवळपास पक्की आहे, फक्त मेडिकल बाकी. त्यात काय असणार, वजन, उंची, बीपी असं म्हणत तुम्ही रक्त देऊन येता. दुसऱ्या दिवशी फोन येतो, "शुगर जास्त दिसतेय, एकदा डॉक्टरांना भेटून घ्या." पुन्हा उपाशीपोटी तपासणी होते, एचबीएवनसी होते आणि डॉक्टर शांतपणे सांगतात, "टाइप टू डायबेटिस आहे." तुमचं वय असतं २१.

अशा वेळी डोक्यात पहिला प्रश्न औषधाचा येत नाही. पहिला प्रश्न येतो, 'घरी कसं सांगू?' आणि त्याच्या मागोमाग दुसरा, 'कुणाला कळलं तर?'

महाड-पोलादपूरसारख्या ठिकाणी हा दुसरा प्रश्न खरंच मोठा असतो. लॅबमध्ये सुई टोचणारा दादा शाळेत दोन वर्षं पुढे असतो, मेडिकलवाले बाबांचे मित्र असतात आणि एसटीत शेजारी बसलेल्या मावशी हातातल्या पाकिटावरचं नाव बरोबर वाचतात. मग रिपोर्ट बॅगेच्या तळाशी जातो. गोळ्या स्ट्रिपमधून निघून साध्या डबीत जातात. मेसमध्ये 'नको' म्हटलं तर कुणीतरी 'का?' विचारेल, म्हणून श्रीखंडाची दुसरी वाटीही गुपचूप खाल्ली जाते. आजाराने अजून फारसं काही बिघडवलेलं नसतं, पण लाजेने सुरुवात केलेली असते.

म्हणून आज शुगरपेक्षा या लाजेबद्दल बोलूया.

ही लाज येते कुठून?

'खा अजून गोड!', 'दिवसभर मोबाइल घेऊन लोळतो, दुसरं काय होणार?', 'हा तर म्हाताऱ्यांचा आजार!' ही वाक्यं आपण सगळ्यांनी ऐकली आहेत, कदाचित बोललोही आहोत. त्यामुळे डायबेटिस झाला की तो आजार न वाटता शिक्षा वाटतो. जणू तुम्ही काहीतरी पाप केलंय आणि आता ते उघडं पडलंय.

खाणं, झोप, व्यायाम यांचा संबंध आहेच. पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या विषयावर आयुष्य घातलं आहे. १९९३ पासून त्यांच्या टीमने पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. आपल्याकडची बाळं वजनाने कमी, अंगाने किडकिडीत, पण त्या मानाने त्यांच्या शरीरात चरबी जास्त, असं त्यात दिसलं. म्हणजे डायबेटिसच्या गोष्टीची पहिली पानं आपण पहिला पेढा खाण्याच्याही आधी, आईच्या पोटात लिहिली जायला लागतात. आईवडिलांकडून आलेला वारसा आहे तो वेगळाच.

याच डॉ. याज्ञिकांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघांची आडनावं इंग्रजी 'वाय'ने सुरू होतात, म्हणून हा 'वाय-वाय पॅराडॉक्स' म्हणून गाजला. बघा, एका डॉक्टरने आपल्याच शरीरातल्या चरबीचा आकडा नावानिशी जगासमोर ठेवला. तो आकडा त्यांच्यासाठी माहिती होता. तुमच्या रिपोर्टवरचा आकडाही तेवढाच आहे. त्यावर तुमच्या स्वभावाचे मार्क नसतात.

आणि तुम्ही एकटे तर मुळीच नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना डायबेटिस आहे आणि सुमारे १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर, म्हणजे प्री-डायबेटिसमध्ये आहेत. ग्रामीण भागातही प्रमाण ८.९ टक्के आहे. तुमच्या एसटीत ५० प्रवासी असतील तर त्यात तीन-चार जण तरी असे निघतील. ते बोलत नाहीत, इतकंच.

अजून एक. मानेच्या मागे, काखेत काळपट, मखमलीसारखी जाडसर पट्टी दिसते का? 'मान नीट घासत जा' असं ऐकून कित्येक मुलं-मुली ती दगडाने घासत बसतात. तो बहुतेक वेळा मळ नसतोच. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याची ती खूण असू शकते. घासण्यापेक्षा शुगर तपासून घ्या.

लपवण्याची किंमत

महाडच्या लोकांना वेळेची किंमत वेगळी सांगायला नको. विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे औषध लागू पडतं, हे जगाला दाखवणारे डॉ. हिंमतराव बावस्कर याच तालुक्यात काम करत आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण औषध उपयोगी पडायचं तर माणूस मंत्र-तंत्रात वेळ न घालवता दवाखान्यात पोचायला हवा. विंचू चावला की माणूस ओरडतो तरी. शुगर ओरडत नाही. ती वर्षानुवर्षं गप्प राहून डोळे, किडन्या, पायांच्या नसा पोखरते. कमी वयात सुरू झालेला टाइप टू तर हे काम जास्त वेगाने करतो.

म्हणजे 'कुणाला कळू नये' म्हणून चुकवलेली प्रत्येक गोळी आणि टाळलेली प्रत्येक तपासणी तुमच्याच खात्यातून वजा होते. उलट सुरुवातीलाच मनावर घेतलं तर हातात बरंच असतं. ब्रिटनमध्ये २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'डायरेक्ट' चाचणीत डॉक्टरांच्या देखरेखीखाली वजन उतरवणाऱ्यांपैकी ४६ टक्के लोकांची शुगर वर्षभराने गोळ्यांशिवाय डायबेटिसच्या रेषेखाली होती. प्रत्येकाला हे जमेलच असं नाही, पण 'आता सगळं संपलं' हे खरं नाही.

सांगायचं कुणाला?

सगळ्यांना सांगायची सक्ती नाही. व्हॉट्सॲप स्टेटसला तर अजिबात नाही. पण 'कुणालाच नाही' हे उत्तरही चालणार नाही.

घरातली एक व्यक्ती. आई, ताई, काका, ज्यांच्याशी तुमचं जमतं ते कुणीही. ताटातला भात कमी करून भाजी-उसळ वाढवायची तर स्वयंपाकघराला माहीत असायला हवं. आणि हे तुमच्यापुरतंच राहत नाही. तुम्ही बोललात की कदाचित बाबाही पहिल्यांदा शुगर तपासतील.

एक मित्र किंवा मैत्रीण. हा भावनेचा नाही, सुरक्षिततेचा मुद्दा आहे. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या काही गोळ्यांनी शुगर एकदम खाली जाऊ शकते. हातपाय थरथरतात, घाम फुटतो, बोलणं अडखळतं. माहीत नसणाऱ्याला वाटेल, 'हा पिऊन आलाय.' माहीत असणारा तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून देईल आणि १५ मिनिटांनी पुन्हा बघेल. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट १०८ ला फोन करायचा. रायगडावर ट्रेकला निघालात तर ग्रुपमधल्या एकाला तरी हे ठाऊक हवं.

डॉक्टर आणि विम्याचा फॉर्म. इथे लपवाछपवी नको. पॉलिसी घेताना आजार लपवला तर पुढे क्लेम नाकारला जाऊ शकतो. डॉक्टरांनी मात्र पेशंटची माहिती गुप्त ठेवायची असते, हे वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांतच आहे. 'घरी एवढ्यात सांगू नका' असं तुम्ही हक्काने म्हणू शकता.

जोडीदार. मुलीला शुगर आहे म्हटलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो, 'हिचं लग्न कसं जमणार?' म्हणून सल्ला मिळतो, आत्ता बोलू नकोस. पण गोळ्या किती दिवस लपणार? त्यातून गरोदरपणाच्या पहिल्या काही आठवड्यांत शुगर जास्त राहिली तर बाळाला धोका असतो, म्हणून आधीपासून डॉक्टरांबरोबर तयारी करावी लागते. चोरून ती कशी होणार? बोलणी पक्की व्हायच्या आत, ताजा रिपोर्ट समोर ठेवून सांगा. मुलांनाही हाच नियम. ऐकून जो मागे फिरेल, तो आधीच कळला हे बरंच झालं.

बाकी सगळे? तुमची मर्जी.

बोलायचं कसं?

लांबलचक खुलाशाची गरज नाही. दोन-तीन वाक्यं तयार ठेवा. घरी, "आई, मला टाइप टू डायबेटिस निघालाय. औषध सुरू केलंय. तुझी मदत लागेल, रडू नकोस." गणपतीत कुणी आग्रह केला की, "काकू, मोदक मस्त झालेत, एकच घेतो." आणि 'एवढ्या लहान वयात?' या प्रश्नाला, "हो ना, आता लहानांनाही होतो. तुम्ही कधी तपासलीत शुगर?"

आणि तुमच्यासमोर कुणी मित्र असं काही बोलला तर कारल्याच्या रसाचा उपाय सांगू नका, त्याच्या ताटावर पहाराही ठेवू नका. "बरं झालं सांगितलंस. मी काय करू?" एवढं पुरेसं आहे.

जायचं कुठे?

आशाताई घरोघरी जी तपासणीची यादी करतात ती तिशीपुढच्यांची असते. म्हणजे विशी-पंचविशीतल्या तुम्हाला कुणी शोधत येणार नाही, तुम्हालाच जायला हवं. सतत तहान, वारंवार लघवी, वजन उतरणं यातलं काही असेल तर आजच जा. घरात कुणाला शुगर असेल तर काही होत नसलं तरी जा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत, त्यात पोलादपूरच्या ग्रामीण रुग्णालयासारखी रुग्णालयंही आली. ओळखीचं कुणी भेटेल म्हणून पोलादपुरात नको वाटत असेल तर महाडला जा, महाडात नको वाटत असेल तर माणगावला जा. पण जा.

मन फारच खचलं असेल, कुणाशीच बोलता येत नसेल तर १४४१६ हा 'टेलिमानस'चा सरकारी नंबर आहे. फोन दिवसरात्र कधीही करता येतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

हे आकडे जवळ ठेवा

• उपाशीपोटी शुगर : १०० च्या आत ठीक, १०० ते १२५ प्री-डायबेटिस, १२६ किंवा जास्त डायबेटिस.

• एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी) : ५.७ च्या आत ठीक, ५.७ ते ६.४ प्री-डायबेटिस, ६.५ किंवा जास्त डायबेटिस.

• काही त्रास नसताना एकाच रिपोर्टवर शिक्का मारून घेऊ नका, तपासणी पुन्हा करा.

• डायबेटिस असेल तर डोळ्यांचा पडदा, किडनी आणि पाय वर्षातून एकदा तपासायचे.

• आणि हे सगळं माहीत असलेला तुमच्याशिवाय निदान एक माणूस हवाच. तो कोण, हे आज रात्री झोपण्याआधी ठरवा.