पस्तीसची रेषा

रिफ्रॅक्टोमीटर म्हणजे मुठीत मावणारी एक नळी. पुढच्या तिरप्या काचेवर टँकमधल्या पाण्याचे दोन-तीन थेंब सोडायचे, झाकण अलगद टेकवायचं, खाली बुडबुडा अडकला नाही ना ते बघायचं आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. आत वर निळं, खाली पांढरं. दोन रंगांमधली सीमारेषा पट्टीवर ३५ला टेकली, की घरात खाऱ्या पाण्याचा टँक सांभाळणारा माणूस निर्धास्त होतो. एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार, म्हणजे खुल्या महासागरात असतात साधारण तेवढेच.

न चाखता, न आटवता हे कळतं कसं? पाण्यात क्षार वाढले की त्यातून जाणारा प्रकाश किंचित जास्त वाकतो. किंचित म्हणजे खरोखरच किंचित. शुद्ध पाण्याचा अपवर्तनांक १.३३३०, तर ३५ क्षारतेच्या समुद्रजलाचा १.३३९४. फरक अर्धा टक्कासुद्धा नाही, आणि नळीतली अख्खी पट्टी एवढ्याशा फरकावर आखलेली.

पण प्रकाश एकूण किती वाकला, एवढंच ही नळी सांगते. समुद्राच्या पाण्यात सोडियम आणि क्लोराइड आहेतच, शिवाय सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम अशी मोठी यादी आहे. मग एका आकड्यावर भिस्त ठेवायची ती कशाच्या जोरावर? इथे समुद्राचीच एक अजब शिस्त कामी येते. पाणी तांबड्या समुद्राचं, ४०च्या घरातलं असो की अटलांटिकचं ३५चं, या मुख्य घटकांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास तेच राहतं. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ जहाज जगभरच्या समुद्रांतून फिरलं. त्याने आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचं विल्यम डिटमार यांनी चिकाटीने पृथक्करण केलं आणि १८८४मध्ये ही गोष्ट पक्की केली. कारण तसं सरळ आहे. हे क्षार समुद्रात लाखो-कोट्यवधी वर्षं मुक्काम ठोकतात, आणि सगळे महासागर एकमेकांत ढवळून निघायला हजारेक वर्षं पुरतात. वाफ होते, पाऊस पडतो, त्याने फक्त पाणी कमी-जास्त होतं. मिश्रण तेच. म्हणून एक गोष्ट नीट मोजली, की बाकीच्यांचा अंदाज आपोआप लागतो.

मग स्वयंपाकघरातलं मीठ का चालत नाही, याचं उत्तर उरण-पेणकडच्या मिठागरांत आहे. वाफ्यांतलं पाणी उन्हाने आटत जातं तसे क्षार ठरलेल्या क्रमाने खाली बसतात. आधी कॅल्शियम कार्बोनेट, मग जिप्सम, मग मीठ. शेवटी उरतं ते मॅग्नेशियमने भरलेलं कडू पाणी, ते सोडून द्यायचं. म्हणजे आपल्या ताटात येतो तो समुद्राचा निवडून काढलेला एक हिस्सा. तेच मीठ पाण्यात विरघळवलं, तर रिफ्रॅक्टोमीटर ३५च्या आसपास छान आकडा दाखवेल, पण पोवळ्याला सांगाडा बांधायला त्यात कॅल्शियम कुठून येणार? म्हणून पिशवीतलं मरीन सॉल्ट, ज्यात सगळे घटक प्रमाणात असतात. ते वेगळ्या बादलीत, पाण्यात मीठ घालून (मिठावर पाणी ओतून नव्हे) काही तास ढवळत ठेवायचं.

उलट बाजूनेही फसगत होते. बाजारातले बरेचसे स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात. किलोभर द्रावणात ३६.५ ग्रॅम मीठ असलं, की ते ३५च्या समुद्रजलाइतकाच प्रकाश वाकवतं. म्हणजे अशी नळी खऱ्या ३५ला साडेछत्तीस म्हणणार, आणि मालक बिचारा इमानदारीने गोडं पाणी घालून टँक साडेतेहतीसवर आणून ठेवणार! डिस्टिल्ड वॉटर टाकून शून्य जुळवलं तरी ही चूक जात नाही. त्यापेक्षा ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम डिस्टिल्ड वॉटर काट्यावर तोलून द्रावण करावं आणि रेषा स्क्रूने ३५वर आणावी. माझ्या मते महागडी नळी घेण्यापेक्षा हे जास्त मोलाचं.

टँकमधून रोज उडून जातं ते निव्वळ पाणी, मीठ मागेच राहतं. शंभर लिटरच्या टँकमधलं पाच लिटर पाणी उडालं, की ३५चे ३६.८ होतात. मे महिन्यात पुण्या-नागपूरच्या कोरड्या हवेत, त्यात टँकवर पंखा असला, तर ही घट झपाट्याने होते. तूट भरायची ती गोड्या पाण्यानेच, आणि खाऱ्या टँकमध्ये गोडं पाणी ओतायचं हे नवख्याच्या सहज गळी उतरत नाही. काचेवर खूण करावी आणि रोज तिथवर भरावं. मात्र हे पाणी घरच्या आरओचं असेल, तर त्यात चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळण्याची सोय असते, ती आधी बंद करावी.

एवढी काटेकोरी कुणासाठी? क्लाऊनफिशच्या रक्तात क्षार समुद्राच्या जेमतेम एक तृतीयांश. त्यामुळे भोवतालचं पाणी त्याच्या अंगातलं पाणी सतत ओढून घेतं. तो समुद्र पीत राहतो आणि जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशींमधून बाहेर टाकतो. तारामाशाकडे अशी यंत्रणा नाही. बाहेरचं पाणी जसं, तसंच त्याच्या आतलं. आकडा एकदम हलला तर सोसायचं त्याच्याच शरीराला.

म्हणून घाई नको. ३३चे ३५ करायचे असतील, तर टँकमध्ये कोरडं मीठ कधीच टाकू नये. उडालेलं पाणी काही दिवस गोड्याऐवजी ३५च्या खाऱ्या पाण्याने भरत जावं, आकडा हळूहळू चढतो. ३७वरून उतरायचं असेल, तर शंभर लिटरमागे साधारण साडेपाच लिटर काढून तेवढंच गोडं पाणी दोन-तीन दिवसांत विभागून घालावं. दुकानातून मासे ज्या पिशवीत आणले, तिच्यातलं पाणीही आधी मोजावं. माशांचे टँक कमी क्षारतेवर ठेवण्याचा रिवाज बऱ्याच दुकानांत असतो, मीठही वाचतं आणि काही परजीवींना आळा बसतो. आपला आणि त्यांचा आकडा जुळला नाही, तर पिशवी बादलीत रिकामी करावी, एअरपंपाच्या बारीक नळीला गाठ मारावी आणि टँकचं पाणी थेंबाथेंबाने त्यात सोडत राहावं. कोळंबी आणि तारामासा असेल तर जास्तच वेळ.