मालमोटारीवरील एरियल

सरकारी परीक्षा देऊन घरातील तरुणाने हौशी बिनतारी केंद्राचा परवाना मिळविला, म्हणजे मालमोटारीवर एरियल कसे बसवावे हा प्रश्न येतोच. वर्धा जिल्ह्यात तो केवळ हौसेचा नव्हे. जुलै २०२२ मध्ये हिंगणघाट तालुक्यास पुराचा तडाखा बसला. अशा प्रसंगी टेलिफोन मुका झाला, तर चाकांवरील केंद्रच कामास येते.

एरियलची लांबी लहरीवरून ठरते. २ मीटरच्या लहरीस पाव लहर, म्हणजे अर्ध्या मीटरची सळई पुरते. वणाकाठच्या सखल मुलखात ती उत्तम. आर्वी-कारंजाकडील टेकड्या मात्र तिचा संदेश अडवितात. तेथे ४० मीटरची लहर उपयोगी. तिची पाव लहर १० मीटर भरते. एवढी काठी धावत्या गाडीवर कोण उभारील? म्हणून आखूड सळईस तारेचे वेटोळे जोडावे; जोर मात्र घटतो.

सळई केबिनच्या लोखंडी टपाच्या मधोमध बसवावी. हा पत्रा एरियलचाच अर्धा भाग होय; लाकडी हौद्यावर तो लाभ नाही. बुडाशी रंग खरवडून धातूस धातू भिडवावा व सांधा पावसापासून राखावा.

रेल्वेच्या फाटकावरील तारांत २५,००० व्होल्टचा प्रवाह असतो. तेथे पोहोचण्यापूर्वी उंच सळई उतरविण्याचे वचन वडीलधाऱ्यांनी आधीच घ्यावे, अशी आमची सूचना आहे.