गिअर तेल (जुन्या मोटारगाड्या)

गिअर तेल हे मोटारगाडीच्या गिअरपेटीतील व डिफरेन्शियलमधील दंतचक्रांना वंगण पुरवणारे तेल होय. हाताने गिअर बदलण्याच्या जुन्या गाड्यांसाठी त्याची निवड दोन गोष्टींवरून करतात : तेलाचा दाटपणा म्हणजेच श्यानता, आणि त्यात मिसळलेल्या रासायनिक पूरकांचा वर्ग. डब्यावरचा आकडा मोठा म्हणजे तेल अधिक चांगले, हा समज येथे फसवा ठरतो. चुकीच्या वर्गाच्या तेलाने गिअरपेटीतील पितळी भाग हळूहळू झिजतात, आणि ज्या गाड्यांचे उत्पादन थांबून बराच काळ लोटला आहे त्यांचे हे भाग पुन्हा मिळवणे कठीण असते.

गिअरपेटीतील तेलाचे कार्य

दंतचक्रांचे दाते एकमेकांवर दाबले जात असताना त्यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर राहणे आवश्यक असते. हा थर घर्षण कमी करतो, उष्णता वाहून नेतो आणि धातूला गंजापासून वाचवतो.

जुन्या काळी गिअर बदलताना दात्यांचा खडखडाट टाळण्यासाठी चालकाला क्लच दोनदा दाबावा लागे. १९२८ मध्ये अमेरिकेतील कॅडिलॅक गाडीत सिंक्रोनायझरची योजना झाली आणि हे काम सुलभ झाले. सिंक्रोनायझरमध्ये पितळेचे किंवा कांशाचे एक शंक्वाकार कडे असते. गिअर टाकताना हे कडे पोलादी शंकूवर घासते व दोन्ही भागांची गती सारखी झाल्यावर दाते अलगद एकमेकांत बसतात. हे घडण्यासाठी कड्याखालचा तेलाचा थर क्षणभर दूर व्हावा लागतो. म्हणजे गिअरपेटीतील तेलाकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा असतात : दात्यांमध्ये ते निसरडे असावे, पण कड्याखाली फार निसरडे असू नये.

डिफरेन्शियलची गरज निराळी असते. १९२६ मध्ये पॅकार्ड गाडीत प्रथम वापरलेल्या हायपॉइड रचनेत पिनियनचा अक्ष क्राउन चक्राच्या मध्यरेषेपासून बाजूला सरकवलेला असतो. त्यामुळे दाते एकमेकांवर जोराने घसरतात आणि साध्या तेलाचा थर तेथे टिकत नाही. यासाठी तेलात गंधक व फॉस्फरसयुक्त पूरके मिसळतात. दाब व उष्णता वाढताच ती पोलादाशी अभिक्रिया करून दात्यांवर संरक्षक पापुद्रा तयार करतात.

श्यानतेचे क्रमांक

वाहन अभियंत्यांच्या एसएई या संस्थेने गिअर तेलांना श्यानतेनुसार क्रमांक दिले आहेत. वर्कशॉपमध्ये ‘नव्वद नंबरचे तेल’ म्हणतात ते यांपैकीच. १०० अंश सेल्सियस तापमानाला ज्याची श्यानता १३.५ ते १८.५ सेंटिस्टोक यांच्या दरम्यान असते, ते तेल ९० क्रमांकाचे होय. ८०डब्ल्यू-९० या क्रमांकातील ‘८०डब्ल्यू’ हा भाग थंडीतील वर्तन सांगतो : उणे २६ अंशांपर्यंत ते तेल ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक घट्ट होत नाही.

इंजिन तेल व गिअर तेल यांच्या क्रमांकांच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. ४० क्रमांकाच्या इंजिन तेलाची श्यानता १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक असते, म्हणजे ते ९० क्रमांकाच्या गिअर तेलाच्या जवळपास तेवढेच दाट असते. त्यामुळे आकडे पाहून गिअर तेल इंजिन तेलाच्या दुप्पट दाट आहे असे मानणे चुकीचे ठरते.

जीएल वर्ग

पूरकांच्या प्रमाणानुसार व उपयोगानुसार अमेरिकेतील एपीआय या संस्थेने गिअर तेलांचे वर्ग केले आहेत. जुन्या गाडीच्या मालकाच्या दृष्टीने त्यांतील तीन महत्त्वाचे होत :

• जीएल-१ : अतिदाब सोसणारी पूरके नसलेले खनिज तेल. सिंक्रोनायझर नसलेल्या अतिजुन्या, हलक्या भाराच्या गिअरपेट्यांसाठी. हा वर्ग संस्थेने आता चालू वर्गांतून वगळला आहे.
• जीएल-४ : मध्यम प्रमाणात पूरके असलेले तेल. सिंक्रोनायझर असलेल्या बहुतेक जुन्या गिअरपेट्यांसाठी.
• जीएल-५ : अधिक पूरके असलेले तेल. मुख्यतः हायपॉइड डिफरेन्शियलसाठी.

जीएल-५ ही जीएल-४ ची सुधारलेली आवृत्ती नव्हे. दोन्ही वर्ग वेगवेगळ्या कामांसाठी आहेत.

पितळी कडी आणि जीएल-५

पितळ हा तांबे व जस्त यांचा मिश्रधातू आहे. पोलादाचे रक्षण करणारे क्रियाशील गंधक तांब्याशीही अभिक्रिया करते. तांब्याचे भांडे गंधकाच्या संपर्कात काळे पडते, तसाच हा प्रकार. गिअरपेटीत असा थर पितळी कड्यावर बसतो, प्रत्येक वेळी गिअर टाकताना घासून निघतो आणि सोबत पितळाचा सूक्ष्म अंशही जातो. शिवाय जीएल-५ तेल कड्याखाली निसरडे ठरू शकते. मग गती सारखी होण्यास वेळ लागतो व गिअर खडखडतो.

आजच्या काही जीएल-५ तेलांतील पूरके पितळाला कमी अपायकारक असतात. तरीही, पितळी भागांसाठी योग्य असल्याचे निर्मात्याने स्पष्टपणे लिहिले नसेल, तर जुन्या गिअरपेटीत असे तेल न घालणे इष्ट. याउलट डिफरेन्शियलसाठी जीएल-५ सांगितले असेल तेथे जीएल-४ घालणेही हानिकारक असते. म्हणजेच एकाच गाडीत दोन ठिकाणी दोन वेगळी तेले लागू शकतात.

भारतातील जुन्या गाड्या

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात फियाट ११०० या गाडीची निर्मिती होत असे. हीच गाडी पुढे प्रीमियर पद्मिनी या नावाने घराघरांत पोहोचली. मुंबईत काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपात धावणाऱ्या पद्मिनीची सेवा ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली. हिंदुस्तान मोटर्सची अँबेसिडर ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड मालिका ३ या गाडीवर आधारलेली होती. तिचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. दोन्ही गाड्यांत इंजिन पुढे असून मागची चाके चालवली जात. त्यामुळे गिअरपेटी व डिफरेन्शियल यांची घरे स्वतंत्र असतात आणि त्यांची तेलेही स्वतंत्रपणे निवडावी लागतात.

एकाच नावाच्या गाडीतही वर्षागणिक रचना बदलते. अँबेसिडरमध्ये १९९० च्या दशकात इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन व पाच गतींची गिअरपेटी आली. म्हणून केवळ नावावरून तेल न ठरवता त्या वर्षाची निर्मात्याची पुस्तिका पाहणे आवश्यक असते. काही ब्रिटिश गाड्यांच्या गिअरपेटीत तर इंजिन तेलच घालावे लागते. मॉरिस मायनर व एमजीबी ही त्याची उदाहरणे. १९५९ च्या मिनी गाडीत इंजिन व गिअरपेटी यांचे तेल एकच असते. अशा गाड्यांत ‘गिअरपेटी म्हणजे गिअर तेल’ हा नियम लावल्यास नुकसान होते.

भारतात ५० वर्षांपेक्षा जुन्या व मूळ स्वरूपात जतन केलेल्या खाजगी गाड्यांसाठी २०२१ पासून ‘विंटेज’ नोंदणीची स्वतंत्र तरतूद आहे.

कोकणातील हवामान व तेल

रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूरसारख्या किनारपट्टीलगतच्या भागात तापमान कधीही गोठणबिंदूजवळ जात नाही. त्यामुळे कडाक्याच्या थंडीसाठी बनवलेल्या ७५डब्ल्यू तेलाची तेथे गरज भासत नाही. पुस्तिकेत ९० क्रमांक सांगितला असल्यास एकश्रेणी ९० किंवा ८०डब्ल्यू-९० तेल पुरते. राजापूरहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या अणुस्कुरा घाटात गाडी बराच वेळ खालच्या गिअरमध्ये चालते व तेल तापते. म्हणून पुस्तिकेत सांगितल्याहून पातळ तेल टाळावे. मात्र उकाड्याच्या भीतीने १४० क्रमांकाचे तेल घालणेही योग्य नव्हे. अतिदाट तेलाने सिंक्रोनायझर मंदावतो.

कोकणात खरा धोका पाण्याचा असतो. अर्जुना व कोदवली या नद्यांच्या पुराचे पाणी राजापूर शहरात जवाहर चौकापर्यंत येते. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीच्या गिअरपेटीत हवा जाण्याच्या छिद्रातून व झिजलेल्या सीलमधून पाणी शिरते. तेल दुधाळ दिसू लागले की पाणी मिसळले असे समजावे. असे तेल तातडीने बदलावे, अन्यथा बेअरिंगना गंज चढतो.

तेल बदलण्याची पद्धत

गाडी थोडी चालवून तेल कोमट करतात व ती सपाट जागी उभी करतात. तेल सोडण्यापूर्वी भरण्याचा प्लग उघडून पाहावा. तो गंजून अडकला असेल आणि खालचा प्लग आधी सोडला, तर रिकाम्या गिअरपेटीत तेल भरता येत नाही व गाडी जागीच अडकते. निघालेले तेल उजेडात तपासतात. पोलादाची बारीक पूड थोड्या प्रमाणात स्वाभाविक असते. सोनेरी चकाकणारे कण दिसल्यास पितळी कडी झिजत असल्याचे ते चिन्ह होय. नवे तेल भरण्याच्या छिद्राच्या काठापर्यंत येईतो भरतात, पुस्तिकेत वेगळी खूण दिली असल्यास तिच्यापर्यंत.

वापरलेले तेल कायद्याने घातक कचरा ठरते. ते जमिनीत, पऱ्ह्यात किंवा विहिरीजवळ न ओतता बंद डब्यात साठवून अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे जाईल अशी व्यवस्था करावी लागते.