‘बकरीवाला हरतोच’ म्हणणाऱ्यांसाठी

‘बकरीवाला हरतोच.’ जळगावच्या मेहरूणपासून धुळ्याच्या देवपुरापर्यंत हे वाक्य इतक्या तोंडांतून ऐकलं आहे, की आता कुणी ते उच्चारलं की आधी खडू शोधावासा वाटतो. म्हणणारा बहुधा मामा असतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी पोरांना घेऊन येतात, बायका झोक्याकडे जातात, मोठी माणसं पत्ते कुटत बसतात आणि एखादा हौशी मामा ओट्यावर वाघ-बकरीचा पट आखतो. वाघांना चार चिंचोके, बकऱ्यांना मूठभर सरकी. मग भाच्याला मायेने सांगतो, ‘तू अजून नवा आहेस ना, तू बकऱ्या घे. वाघ मी घेतो.’ दहा मिनिटांत भाच्याच्या पाच बकऱ्या वाघांच्या पोटात जातात. ‘बघ, मी म्हणालो नव्हतो? बकरीवाला हरतोच.’ पोरगं उठतं आणि मोबाइल मागतं.

यात दोन चुका एकात एक गुंतल्या आहेत. बकरीची बाजू दुबळी आहे ही एक. नवख्याने ती घ्यावी ही दुसरी. गंमत अशी, की पहिली खरी मानली तर दुसरीचा अर्थच लागत नाही. बाजू जर हरणारीच असेल तर ती भाच्याला का देता हो, मामा?

हिशेब करता यावा म्हणून एक पट पक्का धरू. गावागणिक पट बदलतो, वाघांची आणि बकऱ्यांची संख्याही बदलते. ज्याचा सर्वांत कसून अभ्यास झाला आहे तो पट पाच बाय पाचचा: पंचवीस घरं, चार वाघ, वीस बकऱ्या. नेपाळात याला बाघ-चाल म्हणतात. वाघ चार कोपऱ्यांत बसतात. बकरीवाला एकेक बकरी पटावर ठेवतो आणि प्रत्येक बकरीनंतर वाघ एक चाल चालतो. विसाव्या बकरीपर्यंत बसलेली बकरी जागची हलत नाही. लगतच्या बकरीवरून सरळ रेषेत पलीकडच्या रिकाम्या घरात उडी मारली की बकरी मेली. पाच मेल्या की वाघ जिंकले, एकाही वाघाला चाल उरली नाही की बकऱ्या जिंकल्या. सगळ्या घरांना तिरप्या रेषा नसतात, एकाआड एक घराला असतात. कोपऱ्यांना आणि मधल्या घराला त्या असतात, एवढं ध्यानात ठेवा.

आता भाच्याची पहिली बकरी. चार कोपरे सोडून घरं उरली २१. प्रत्येक कोपऱ्याला तीन घरं लागून आहेत: दोन कडेची, एक तिरपं. चार कोपऱ्यांची मिळून १२. या बारापैकी कुठेही बकरी ठेवली तर पलीकडचं घर रिकामंच असणार, म्हणजे ती पुढच्याच चालीत गेली. २१ पैकी १२! ज्याला कुणी काहीच सांगितलेलं नाही त्याने डोळे मिटून बकरी ठेवली, तर ती तिथल्या तिथे जाण्याचीच शक्यता जास्त.

उरलेल्या नऊ घरांतही सापळा आहे. मधल्या घराच्या थेट वर, खाली, डावीकडे किंवा उजवीकडे, म्हणजे मधलं घर आणि कड यांच्यामध्ये जे घर येतं, ते नवख्याला फार सुरक्षित वाटतं, कारण जवळपास वाघच नसतो. पट आखा आणि खालच्या बाजूच्या अशा घरात बकरी ठेवून बघा. डाव्या कोपऱ्यातला वाघ तिरपा सरकून तिच्या शेजारी येतो. तिला वाचवायला तुम्ही पलीकडच्या घरात दुसरी बकरी बसवता. ती नेमकी उजव्या कोपऱ्यातल्या वाघाच्या तिरप्या रेषेत येते आणि तिच्या पलीकडे मधलं घर मोकळं असतं. एक नाही तर दुसरी, पण बकरी जाणारच.

आणि कडेच्या ओळीतलं बरोबर मधलं घर घेतलं तर? वाघ शेजारी आला की पलीकडच्या घरात दुसरी बकरी ठेवायची. दुसऱ्या कोपऱ्यातल्या वाघाला तिच्यावरून उडी हवी असते, पण उतरायच्या जागी पहिली बकरी बसलेली आहे. दोघी एकमेकींच्या पाठीला पाठ लावून उभ्या. साक्रीकडच्या मेंढपाळ ठेलाऱ्याला हे पटावर शिकवावं लागणार नाही. कळपाला चिकटलेलं जनावर वाचतं, सुटं झालेलं जातं. कडेवरच्या बकरीला फक्त कडेच्याच रेषेतून मारता येतं, कारण बाकी दिशांना पलीकडे पटच नाही. कोपऱ्यात शिरलेल्या बकरीला तर मारताच येत नाही. भाच्याला एवढ्या दोन गोष्टी सांगायला मामाला किती वेळ लागला असता? पत्त्याचा एक हात पिसायला लागतो तेवढाही नाही.

म्हणजे मामा जे बघतो ते खोटं नाही. नवखा बकरीवाला हरतो, हटकून हरतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र खोटा. बकरी अवघड आहे, दुबळी नाही. वाघ सोपा आहे, बलवान नाही. वाघवाल्याला एका वेळी एकच प्रश्न असतो: आत्ता कुणावरून उडी मिळते? नाही मिळाली तर एक घर सरकायचं, फार बिघडत नाही. बकरीवाल्याला पहिल्या बकरीपासून विसाव्या बकरीचा विचार करावा लागतो आणि त्याची चुकलेली बकरी परत मिळत नाही.

बकरीच्या ताकदीचाही हिशेब करू. कोपऱ्यातल्या वाघाला कोंडायचं तर त्याची लगतची तीन घरं भरायची आणि उडी बंद व्हावी म्हणून त्यांच्या पलीकडची तीन. सहा बकऱ्या. तोच वाघ पटाच्या मधोमध असेल तर लगतची आठ आणि पलीकडची आठ, म्हणजे १६ बकऱ्या लागतील. वाघ ज्या कोपऱ्यांतून डाव सुरू करतात त्या खऱ्या तर त्यांच्या कोठड्या आहेत. आता चारही वाघ कोपऱ्यांत धरा. लगतची घरं १२. पलीकडची घरं मात्र सामायिक आहेत: चार कडांची चार मधली घरं आणि पटाचं मधलं घर. एकूण १७. बकऱ्या असतात वीस. तीन मेल्या तरी चारही वाघ जागच्या जागी बंद करण्याइतक्या बकऱ्या उरतात. ज्या बाजूला इतकी सूट आहे तिला दुबळी म्हणणारा माणूस बकऱ्या न मोजताच बोलतो आहे.

तरीही कुणी म्हणेलच, ‘ते गणित झालं, खेळात वाघच जिंकतो.’ त्यांच्यासाठी संगणकाचा निकाल आहे. यू जिन लिम आणि झुरिकच्या तंत्रज्ञान विद्यापीठातले युर्ग नीव्हरगेल्ट यांनी हाच चार वाघ, वीस बकऱ्यांचा डाव संगणकावर शेवटापर्यंत सोडवला. सगळ्या बकऱ्या पटावर आल्यानंतरच्या ८,८२,६०,९७२ वेगवेगळ्या स्थिती त्यांनी तपासल्या; आरशातल्यासारख्या किंवा पट फिरवून सारख्या होणाऱ्या स्थिती एकच धरून हा आकडा आहे. बकऱ्या ठेवण्याचा टप्पा निराळा, ३९ चालींचा. त्याचा शोध पुढे पूर्ण झाला आणि २००९ मध्ये ‘गेम्स ऑफ नो चान्स ३’ या ग्रंथात तो निबंध छापून आला. निकाल निबंधाच्या शीर्षकातच आहे: दोन्ही बाजू बिनचूक खेळल्या तर डाव बरोबरीत सुटतो. वाघ जिंकत नाही, बकरीही जिंकत नाही.

तर नवख्याला काय द्यावं? वाघ. अगदी निःसंकोच वाघ द्यावा. त्याला पट कळेल, रेषा कळतील, उडी कळेल, दोन-चार बकऱ्या मारल्याचा आनंद मिळेल आणि तो दुसऱ्या डावाला बसेल. बकऱ्या जाणत्याने घ्याव्यात. मामाला हे मुळीच आवडत नाही, कारण भाच्याच्या वाघांना कोंडायचं तर स्वतःला खेळता यावं लागतं. दोन-तीन डावांनंतर बाजू बदलाव्यात आणि तेव्हा पहिली बकरी कडेच्या मधल्या घरात का ठेवायची ते पटावर करून दाखवावं.

‘सोपं’ आणि ‘बलवान’ यांची ही गल्लत ओट्यापुरती नाही. पुण्या-मुंबईत शिकायला गेलेली आपली पोरं बोर्डगेम कॅफेत जाऊ लागली आहेत. त्यांतल्या काहींनी ‘ब्लड बोल’ बघितला असेल. इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉपने १९८६ साली काढलेला हा खेळ जर्व्हिस जॉन्सन यांनी रचला. अमेरिकन फुटबॉलसारखा सामना, पण खेळाडू परीकथेतले: ऑर्क, एल्फ, बुटके, माणसं. आधी संघ निवडायचा असतो आणि नवखा बहुतेक वेळा एल्फांवर भाळतो, कारण ते वेगवान. वुड एल्फांचा साधा गडी एका पाळीत सात घरं पळतो, बुटक्यांचा चारच. पण या खेळात तुमचा गडी टक्कर देताना स्वतःच आडवा झाला तर तुमची पाळी तिथेच संपते. बुटके चिवट असतात, टक्कर देण्याचं कसब त्यांच्या अंगी मुळातच असतं, चिलखत जाड असतं. चुका पोटात घालणारा संघ तो. म्हणून जाणते खेळाडू नवख्याला बुटके, ऑर्क नाही तर माणसांचा संघ घ्यायला सांगतात. एल्फांचा संघ चांगल्या हातात भारी पडतो, पण एक फासा उलटा पडला की नवखा त्यांना सावरू शकत नाही.

एक फरक मात्र आहे. ब्लड बोलमधला चिमुकल्या हाफलिंगांचा संघ खरोखरच दुबळा आहे. तो मुद्दाम तसा केलेला आहे, ज्यांना अडचणीत खेळायची हौस आहे त्यांच्यासाठी. बकऱ्यांना त्या रांगेत बसवू नका.

आता बारीकसारीक गैरसमज, फार वेळ न घालवता.

‘बुद्धिबळात दोन्ही बाजू सारख्या, म्हणून तो न्याय्य, यात बाजू विषम, म्हणून अन्याय.’ बुद्धिबळात पहिली चाल पांढऱ्याची असते, तेवढ्यावर मोठ्या स्पर्धांतल्या डावांचे ५४-५५ टक्के गुण पांढऱ्याकडे जातात. सारखं दिसणं आणि समतोल असणं यांचा संबंध नाही.

‘हा नेपाळचा खेळ, आपला नव्हे.’ तामिळनाडूत आडू-पुली, आंध्र-तेलंगणात पुली-मेका, आपल्याकडे वाघ-बकरी. मालकीची पाटी कुणी लावायची?

‘लेणं दोन हजार वर्षांचं, तिथे पट कोरलेला आहे, म्हणजे खेळ दोन हजार वर्षांचा.’ महाराष्ट्रातल्या कित्येक लेण्यांत आणि किल्ल्यांवर दगडात कोरलेले पट आहेत, नाशिकच्या पांडवलेण्यांतही आहेत. पण लेणं कधी खोदलं त्यावरून पट कधी कोरला हे ठरत नाही. पावसात अडकलेल्या गुराख्याने गेल्या शतकात कोरला असेल तरी दगड काही बोलत नाही.

‘चहाच्या पुड्यावरून खेळाचं नाव पडलं.’ हे ऐकून हसावं की रडावं कळत नाही. तो चहा अहमदाबादचा, विसाव्या शतकातला. त्याच्या पुड्यावरच्या चित्रातले वाघ आणि बकरी एकाच कपातून चहा पितात. आपल्या पटावर तसा समेट कधी होत नाही.

‘बकरी मिळत असेल तर वाघाने मारलीच पाहिजे.’ बाघ-चालीत अशी सक्ती नाही, आणि एका चालीत एकच बकरी. तुमच्या गावात वेगळं असेल तर डाव सुरू होण्याआधी बोलून घ्या, बकरी मेल्यावर नको.

शेवटची गोष्ट पुन्हा मामाबद्दलच. बरोबरीचा तो निकाल फक्त वीस बकऱ्यांच्या पटाचा आहे. दक्षिणेत तीन वाघ आणि पंधरा बकऱ्यांचा खेळ आहे, पण त्याचा पट निराळा, त्रिकोणी, २३ घरांचा. तिथला पंधराचा आकडा उचलून पंचवीस घरांच्या, चार वाघांच्या पटावर आणला की हिशेब कोलमडतो. चार कोपरे बंद करायला सतरा लागतात आणि हातात पंधराच, म्हणजे वाघ एकमेकांच्याच वाटेत आले तर काही आशा. सरकी हलकी असते, पंख्याच्या वाऱ्याने दोन-चार दाणे ओट्याखाली जातात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. मामा बकऱ्या देऊ लागला की भाच्याने आधी त्या मोजून घ्याव्यात.